अर्धी चूक

मिस्त्रींच्या तोंडात चुका होत्या, म्हणून त्यांना बोलता येत नव्हतं. माझ्या चुका समोर छोटा हत्ती टेम्पोतून खाली उतरत होत्या. त्यांनी सोफ्याकडे एकदा पाहिलं, जिभेनं एक बारीक खिळा ओठांवर आणला, हातोडीच्या टोकाला लावला आणि पुढ्यातल्या ट्रकच्या सीटमध्ये ठोकला. पुन्हा सोफ्याकडे पाहिलं, पुन्हा एक खिळा. तोंड रिकामं झाल्यावर पहिला प्रश्न आला, "कोनं केलं जी हे?"

"मीच."

"मंग ठीक आहे. दुसऱ्यानं केलं असतं, तर त्याले नाव ठेवलो असतो."

चूक म्हणजे बारीक खिळा. डोकं चपटं, अंग आखूड, टोक अणकुचीदार. जोडे शिवणाऱ्याकडे, सुताराकडे आणि कुशनवाल्याकडे त्याची डबी असतेच. चूक म्हणजे गफलतही. दोघींचं अनेकवचन एकच. जन्मभर मराठी बोलत आलो, पण हे दोन अर्थ एकमेकांना चिकटून बसलेले मला दिसले ते कोहमाऱ्यात, सोफ्याचं कापड उसवताना.

कोहमारा हे गोंदिया जिल्ह्यातलं, सडक अर्जुनी तालुक्यातलं रस्त्यांच्या गाठीवरचं गाव. नागपूर-भंडारा-साकोली करत रायपूरकडे जाणारा महामार्ग इथून जातो. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून 'सहा नंबर' आहे, पाटीवर ५३. गोंदियाहून गोरेगाव करत येणारा रस्ता त्याला इथे मिळतो आणि इथूनच नवेगावबांधच्या तलावाकडे, पुढे अर्जुनी मोरगावकडे जाता येतं. नवख्या माणसाचा एकदा तरी गोंधळ होतो, कारण जिल्ह्यात अर्जुन्या दोन. एक सडकेवरची, एक मोरगावची.

जिथे ट्रक थांबतो तिथे चहा मिळतो, पंक्चर निघतं आणि ड्रायव्हरच्या बैठकीचा इलाज होतो. मिस्त्री शिकले ते अशाच सीटांवर. ट्रकची सीट ही या धंद्याची तालीम आहे. तिच्यावर माणूस दिवसाचे दहा-बारा तास बसतो, घाम गाळतो, खड्ड्यागणिक उसळून पुन्हा तिच्यावरच आदळतो. तिथे कापड सैल राहिलं तर महिनाभरात फाटतं. फार ताणलं तर शिवण उसवते. घरातला सोफा चूक वर्षानुवर्षं लपवतो, ट्रकची सीट पहिल्याच फेरीत सांगते.

दिवाळी जवळ आली की घरगुती सोफे येतात. धान निघून लग्नसराई लागली की मंडपवाल्यांच्या राजा-राणी खुर्च्या येतात. लाल मखमल, सोनेरी काठ आणि बैठकीवर कुणाच्या तरी मेंदीचा डाग. दिवाळीनंतर इकडच्या झाडीपट्टीत मंडया भरतात, नाटकांचा हंगाम सुरू होतो. नाटकातल्या श्रीमंताच्या दिवाणखान्यालाही सोफा लागतोच. मिस्त्री म्हणाले, "नाटकाचा सोफा समोरूनच चांगला पायजे. मागून बोरा असला तरी चालते." मग माझ्या सोफ्याभोवती एक फेरी मारून पुढे म्हणाले, "तुमचा मागून चांगला आहे."

माझा सोफा वडिलांनी घेतलेला, तिघांच्या बैठकीचा, सागवानी सांगाड्याचा. कापड विटलं होतं. मी गोंदियाहून हिरवी मखमल आणली, पिना मारायची गन मागवली, मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि दोन रविवारांत काम उरकलं. तिसऱ्या रविवारी बायकोनं त्यावर चादर घातली. ती चादर तिथून हटेना, तेव्हा मी छोटा हत्ती बोलावला.

मिस्त्रींनी सोफ्याचं कापड तपासायच्या आधी लाकूड तपासलं. पुढचा डावा पाय धरून वीतभर उचलला आणि उजव्या पायाकडे पाहत राहिले. तोही लगेच जमिनीवरून सुटला. "सांगाडा घट्ट आहे," ते म्हणाले. सांधे ढिले असते तर उजवा पाय जमिनीलाच चिकटून राहिला असता, सांगाडा पिळला असता आणि वर कितीही मखमल घातली तरी दर बसण्यासरशी ती सुरकुतली असती. हल्लीच्या बऱ्याच सोफ्यांत मऊ लाकूड आणि प्लाय पिनांनी जोडलेलं असतं. ते या परीक्षेत नापास होतात. अशा सोफ्याला नवं कापड घालू नका, असं मिस्त्री गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतात.

मग त्यांनी पांढरा खडू घेतला आणि जिथे जिथे दोष दिसेल तिथे गोल काढून आकडा टाकला. १, उजव्या कोपऱ्याला चुण्या. २, एका गादीचा रंग वेगळा. ३, हाताजवळ भोक. ४, गाद्या पोकळ. ५, पाठीवर मधोमध जोड. ६, काठाची पाइपिंग वळणावर गोळा झालेली. सहा गोल पाहून मला वाटलं, सहा ठिकाणी दुरुस्ती होईल. मिस्त्रींनी खडू कानामागे खोचला.

"यातली एकबी चूक इथं नाही, भाऊ. धानाच्या बांधीतलं पानी धुऱ्याच्या बाहेर निंगते एकीकडं, खेकड्याचं बीळ असते दुसरीकडं. पानी दिसते तिथं माती थापली, तर रातभरात बांधी रिकामी."

हा धान आणि तलावांचा मुलूख आहे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. पाळीची आणि धुऱ्याची नजर इथे शेतकऱ्याच्या घरात वारशानं येते. मिस्त्रींची दोन एकर धानाची बांधी आहे. सोफ्याचं पाणी कुठून गळतं, हे शोधायची रीत त्यांनी तिथूनच आणली असावी.

बीळ शोधायचं तर वरून खाली जावं लागतं. मी मारलेल्या पिना त्यांनी मलाच काढायला लावल्या. पेचकस आणि पक्कड हातात दिली. पेचकसचं टोक पिनेखाली घालायचं, मनगटानं उचलायचं, पकडीनं ओढायचं. एका बाजूला वीतभरात मी एकवीस पिना मारल्या होत्या. भीतीपोटी माणूस जास्त पिना मारतो, हे तेव्हा कळलं. गन हातात असली की ठोकणं स्वस्त होतं आणि काढणं महाग.

सोफा उसवणं म्हणजे घराच्या इतिहासाचे थर उचलणं. वर माझी मखमल. तिच्याखाली मी घातलेला नवा फोम. त्याखाली जुना पिवळा फोम, बोटानं दाबला की पीठ होणारा. त्याखाली तागाचं बारदान, बारदानाखाली काथ्याचा थर आणि सगळ्यांत तळाशी सुती नवार, बाजेला असते तशी, पण आडवी-उभी विणलेली. स्प्रिंग या सोफ्यात नव्हत्या. त्या असलेला एक जुना कोच दुकानात दुसऱ्या कोपऱ्यात उघडा पडला होता. उभ्या गुंडाळीच्या स्प्रिंग, प्रत्येकीचा माथा सुतळीनं आठ दिशांना बांधलेला. लंडनच्या सॅम्युअल प्रॅटनं बैठकीच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं ते १८२८ साली. फोमची गोष्ट त्या मानानं कालची. १९३७ मध्ये जर्मनीत लेव्हरकुसेनला ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं. त्याचा मऊ फोम बाजारात आला तो १९५०च्या दशकात. रेक्झिन हे तर मुळात एका इंग्रजी कंपनीच्या नकली चामड्याचं नाव. कंपनी विसरली गेली, नाव आपल्या एसटीच्या सीटांवर राहिलं.

बीळ नवारीत सापडलं. वर्षानुवर्षं बसून ती झोळीसारखी लोंबली होती आणि मी त्या झोळीवर नवा, ताठ फोम ठेवला होता. बसलं की फोम खाली जाई, कापड आत ओढलं जाई, उठलं की फोम वर येई आणि कापड मात्र ताणलेलंच राही. कोपऱ्यातल्या निम्म्या चुण्या इथून आल्या होत्या. मी त्या वरून ओढून दोन रविवार घालवले होते.

मिस्त्रींनी नवी नवार घेतली. एका टोकाशी तीन चुका मारल्या, पट्टी दुमडली, दुमडीवर आणखी दोन. पाचही चुका एका ओळीत नाहीत, एक वर, एक खाली. एका ओळीत मारल्या तर लाकूड रेषेनं चिरतं. दुसऱ्या टोकाला त्यांनी लाकडाचं एक फळकूट नवारीत अडकवलं आणि सांगाड्यावर टेकवून तरफेसारखं खाली दाबलं. नवार तणावली. बोटानं टिचकी मारली, तर डफासारखा आवाज आला. आडव्या पट्ट्या उभ्या पट्ट्यांच्या एक वरून, एक खालून गेल्या, त्यामुळे वजन एका पट्टीवर न पडता शेजारणींत वाटलं गेलं.

त्यावर नवं बारदान, मग फोम. इथे चौथा गोल सुटला. माझ्या गाद्या पोकळ का दिसत होत्या? मी खोळ २४ इंचांची शिवली आणि फोमही २४ इंचांचाच कापला होता. हिशेब बरोबर, गादी चूक. फोम दबतो, खोळ दबत नाही. म्हणून फोम खोळीपेक्षा अर्धा इंच मोठा कापायचा आणि त्याच्याभोवती फायबरच्या रुईचा पातळ थर लावायचा. मग कोपरे आपोआप भरतात. जास्त मोठा कापला तर फोमचे कान आत मुडपतात आणि कोपरा उलट रिकामा राहतो. मोठा फोम खोळीत घालायचीही युक्ती असते. त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढायची, दोघांनी दाबून आत सरकवायचा आणि पिशवी हळूच ओढून घ्यायची. फोम आतल्या आत श्वास घेतो आणि जागेवर बसतो.

फोमबद्दलचा माझा एक भ्रमही इथे गेला. दुकानदार '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' म्हणतात तेव्हा आपण समजतो की आकडा मोठा म्हणजे फोम कडक. डेन्सिटी म्हणजे निव्वळ वजन, एका घनमीटर फोमचे किलो. कडकपणा वेगळा असतो. जड फोम मऊ असू शकतो आणि हलका फोम नवेपणी कडक लागू शकतो. फरक कळतो दोन वर्षांनी, कारण हलका लवकर बसतो. मिस्त्री फोम दाबून घेत नाहीत, काट्यावर ठेवतात. दोन फूट लांब-रुंद आणि चार इंच जाड गादी ३२ डेन्सिटीची असेल तर सव्वा किलोच्या आसपास भरायला हवी. ४० ची दीड किलो. माझी गादी एक किलोलाही पोहोचली नाही. काट्यावरून नजर उचलून मिस्त्री म्हणाले, "तुमाले हवा विकली, भाऊ."

दुसऱ्या दिवशी मखमलीची पाळी आली. मखमलीला लव असते, मांजराच्या पाठीसारखी. एका बाजूनं हात फिरवला की गुळगुळीत, उलटा फिरवला की खडबडीत. पाठीच्या कापडावर ती वरून खाली वाहिली पाहिजे आणि बैठकीवर मागून पुढे. मी कापड वाचवायला एका गादीचा वरचा पन्हा फिरवून कापला होता. त्या रात्री ट्यूबखाली काही दिसलं नाही. सकाळी खिडकीतून ऊन आलं, तेव्हा दोन गाद्या गर्द हिरव्या आणि तिसरी राखेरी. कापड तेच, उजेड परतायची दिशा वेगळी.

ही चूक ओढून, इस्त्री करून, झटकून जात नाही. पन्हा फिरवून लावावा, तर हाताजवळची खाच दुसऱ्या बाजूला जाते. तो बदलावाच लागतो. मिस्त्रींनी तो टाकला मात्र नाही. लवेची दिशा खडूनं बाणासारखी आखली आणि त्यातून हातांच्या पुढच्या चकत्या कापल्या. "चुकलेलं कापड वाया जात नाही," ते म्हणाले, "लहान होते." नव्या पन्ह्यासाठी आणि पाठीसाठी मला तुकडा घेऊन गोंदियाला पिटाळलं. ताकीद अशी की त्याच थानातलं मिळालं तरच आणा. एकाच नंबरचा रंग दुसऱ्या थानात किंचित वेगळा उतरतो, दुकानात कळत नाही आणि घरी लपत नाही. थान शिल्लक होतं, हे माझं नशीब.

पाठीची गोष्ट हिशेबाची. सोफ्याच्या कापडाचा पन्हा साधारण ५४ इंचांचा असतो आणि माझी पाठ ७२ इंच. जोड टळत नाही. मी दोन सारखे तुकडे मधोमध शिवले होते. जोड भांगासारखा दिसत होता, तोही नेमका मधल्या गादीच्या कपाळावर. साधं, बिननक्षीचं कापड असतं तर थान आडवं लावून जोड टाळता आला असता. मखमलीला ती सोय नाही, आडवी लावली की लव आडवी वाहते. मिस्त्रींनी पाठ तीन उभ्या पन्ह्यांत कापली, शिवणीसाठी थोडं जास्त धरून, २४-२४ इंचांवर. आता दोन्ही शिवणी गाद्यांच्या फटींच्या सरळ रेषेत आल्या. मी एक जोड लपवू शकलो नव्हतो. त्यांनी दोन केले आणि दोन्ही मुद्दाम केल्यासारखे दिसू लागले.

मग हाताजवळचं भोक. बैठकीचं कापड मागे नेताना वाटेत हाताचा लाकडी खांब येतो, तिथे कापडाला काप द्यावा लागतो. मी सरळ काप दिला आणि बोटभर जास्त दिला. काप खांबाच्या पुढे आला आणि कायमचा उघडा राहिला. योग्य काप इंग्रजी 'वाय'सारखा असतो. आधी सरळ, पण खांबापासून बोटभर अलीकडे थांबणारा, मग दोन फाटे खांबाच्या दोन कोपऱ्यांकडे. तेही एकदम नाही. थोडं कापायचं, कापड आत खोचून पाहायचं, पुन्हा थोडं कापायचं. "खिळा मागं येते, टाका मागं येते. कात्री काही मागं येत नाही." या भोकाला म्हणून खरी दुरुस्ती नव्हती, डागडुजी होती. त्याच मखमलीची पट्टी खालून सरकवून मिस्त्रींनी वाकड्या सुईनं आतून टाके घेतले आणि हात जिथे बैठकीला मिळतो त्या रेषेवर पाइपिंग नेली. अजूनही माहीत असलेल्या माणसाला ते सापडतं. मला रोज सापडतं.

पाइपिंग मी सरळ धाग्यात कापली होती. सरळ पट्टी वळणाला वळत नाही, गोळा होते. पट्टी कापडावर तिरपी, ४५ अंशांत कापली की तिला अंगचा लवचिकपणा येतो. जे तिरपेपण पाइपिंगला तारतं, तेच बैठकीला मारतं. हा धडा शेवटच्या गोलात, म्हणजे पहिल्याच आकड्यात होता.

उजव्या कोपऱ्याच्या उरलेल्या चुण्या ओढण्याच्या क्रमातून आल्या होत्या. मी एका कोपऱ्यापासून सुरुवात करून चादर खोचावी तसा पुढे गेलो होतो. जमेल तिथे तिरपं ओढलं होतं, आणि तिरपं ओढलं की कापड खुशाल वाढतं. सगळं वाढलेलं कापड शेवटच्या कोपऱ्यात जाऊन साचलं. मिस्त्रींनी कापडाच्या मध्यावर आणि लाकडाच्या मध्यावर खडूची खूण केली आणि खुणेला खूण लावली. समोर मधोमध एक चूक, मागे मधोमध एक, मग डावीकडे, मग उजवीकडे. "पयले चार दिशा, मंग चार कोपरे." त्यानंतर मध्यापासून कोपऱ्यांकडे, दोन्ही बाजूंना सारखं, उभ्या-आडव्या धाग्यातच ओढत. कोपऱ्याला पोहोचलं तेव्हा तिथे दोन घड्यांपुरतंच कापड उरलं होतं.

इथेच मला दिसलं की ते गन वापरत नव्हते. गन दुकानात होती, कॉम्प्रेसरही होता. पण बैठकीच्या कापडाला त्यांनी हातानं चुका लावल्या आणि एकही पुरती ठोकली नाही. हातोडीचा एक ठोका, खिळा अर्धा आत, अर्धा बाहेर. चारही बाजूंनी अशा अर्ध्या चुकांची रांग उभी राहिली. मग ते उठले, सोफ्यावर बसले, उठले. मला बसवलं. रस्त्यावर चहा पिणाऱ्या एका ड्रायव्हरला बोलावून बसवलं. कापडावर तळहात फिरवला. समोरच्या तीन चुका नखानं हलवून काढल्या, कापड सुताभर ओढलं, पुन्हा अर्ध्या ठोकल्या. पुन्हा बसले.

"पुरती ठोकली की चूक आपली राहत नाही, लाकडाची होते," ते म्हणाले. घाईच्या कामात गन थोडी वर धरून मारली की पिनही अर्धवट राहते, तेही त्यांनी दाखवलं. पण त्यांचा हात हातोडीवर बसलेला.

मी मारलेल्या पिनांची ढिगारी त्यांच्या पायाशी पडली होती. त्यांतली एकही अर्धी नव्हती. प्रत्येक पिन मी 'आता हे झालं' अशा खात्रीनं मारली होती. माझे सहा गोल वेगवेगळे होते, पण त्यांचं बीळ एकच होतं. तपासून पाहायची वेळ मी कुठेच ठेवली नव्हती. मिस्त्रीही चुकत होते. कापड ओढताना, कोपरा दुमडताना, दर पाच मिनिटांनी. त्यांच्या चुका नखानं निघत होत्या, माझ्या काढायला पक्कड लागली, एवढाच फरक.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या चुका पुरत्या ठोकल्या गेल्या. सोफा उलटा करून तळाला काळं कापड लावलं. मखमल दाबली गेली होती तिथे त्यांनी इस्त्री न टेकवता, वीतभर वरून वाफ दिली आणि मऊ ब्रशनं लव बसवली. छोटा हत्ती आला.

पंधरवड्यानं सोफ्याखाली गेलेलं पेन काढताना हाताला काहीतरी टोचलं. मोबाइलचा उजेड पाडला. तळाच्या काळ्या कापडाची मागची कड अर्ध्या चुकांवर टांगलेली होती. आठ होत्या, आठही अर्ध्या. मला जरा बरं वाटलं, हे कबूल करतो. मिस्त्रींकडूनही राहिलं तर! फोन लावला.

"राहिल्या नाहीत जी, ठेवल्या," पलीकडून ट्रकच्या हॉर्नमधून आवाज आला. "नवं कापड बसून बसून थोडं वाढते. महिनाभर बसा सप्पेजन. मंग कापड ढिलं वाटलं, तर तिथून हात घालून बैठकीच्या कापडाची मागची कड मोकळी करून ओढा. नाही वाटलं, तर ठोकून टाका. हातोडी आहे ना घरी?"

महिना उलटला. कापड ढिलं वाटलं नाही. हातोडी घरात आहे. सात चुका ठोकल्या. आठवी अजून अर्धीच आहे, आणि पाहुणे आले की मी त्याच बाजूला बसतो.